भाकरी सोडून भरती कशी होणार?

महोदय,

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या मैदानावर पहाटे पाचला धावायला येतात. गेल्या आठवड्यात त्यांतला एक १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत मटकन खाली बसला. हातपाय थरथरत होते, कपाळावर गार घाम. विचारलं तर म्हणाला, ‘सर, महिनाभर भाकरी-भात बंद केलाय. फक्त अंड्यातलं पांढरं आणि पावडर.’ ती प्रथिनांची पावडर घ्यायला आईनं शेळी विकली होती. फार वाईट वाटलं.

जोरात धावताना स्नायू मुख्यतः त्यांच्यात साठलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर, चालतात आणि ते बनतं पिष्टमय पदार्थांपासून. हा साठा आटला की शरीर प्रथिनंही जाळायला घेतं. म्हणजे ज्यांनी स्नायूंची झीज भरून काढायची, तीच चुलीत जातात! प्रथिनं हवीतच, कसून व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. पण जोडीला भाकरी हवी. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक आवश्यक घटक कमी, डाळीत ते भरपूर, त्यामुळे भाकरी-पिठलं एकमेकांची उणीव भरून काढतात.

त्या मुलाला धावण्याआधी एक केळं आणि घरी गेल्यावर लगेच दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, वाटीभर दही खायला सांगितलंय. भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना एवढं समजावून सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, बार्शी