पराक्रमापलीकडचा इतिहासही मुलांच्या हाती पडू द्या

संपादक महोदय,

स. न.

आपल्या बालदिन पुरवणीत मुलांसाठीच्या ऐतिहासिक पुस्तकांची यादी आली होती. यादी चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली असल्यामुळे अशा याद्या मी जरा बारकाईनं वाचतो. वरपासून खालपर्यंत गड, घोडे, तलवारी आणि हसत फासावर गेलेले क्रांतिकारक. सगळी इतिहास घडवणारी माणसं. ज्यांच्या डोक्यावर इतिहास येऊन कोसळला, अशी दहा-बारा वर्षांची पोरंही जगात होऊन गेली, हे त्या यादीवरून कळायला मार्ग नाही.

कॅनडातल्या मार्शा स्क्रिपुक या लेखिकेनं अशा मुलांवर दोन छोट्या सचित्र कादंबऱ्या लिहिल्या आहेत. ‘अराम्स चॉइस’ 2006 साली आली आणि ‘कॉल मी अराम’ त्यानंतर. इंग्रजी बेताचं येणारा सहावी-सातवीचा मुलगाही त्या सहज वाचू शकेल. अराम हा आर्मेनियन मुलगा कल्पनेतला असला, तरी त्याच्याभोवतीचा सगळा इतिहास खरा आहे.

1915 पासून ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या, उरलेल्यांना सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं गेलं. आई-बाप गेले, पोरं मागे राहिली. अमेरिकेतल्या ‘निअर ईस्ट रिलीफ’ या संस्थेनं एक लाखाहून अधिक अनाथ मुलं सांभाळली. आजच्या आर्मेनियातलं ग्युम्री, तेव्हाचं अलेक्झांड्रोपोल, हे तर अनाथांचं शहर म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. पुढे या संस्थेनं सांभाळलेली हजारो मुलं ग्रीसमध्ये हलवली गेली. त्यांपैकी काही कॉर्फू बेटावर होती आणि तिथूनच सुमारे पन्नास मुलांची पहिली तुकडी कॅनडाला निघाली. 1 जुलै 1923 रोजी ती टोरांटोजवळच्या जॉर्जटाउन गावी पोचली. तिथं त्यांच्यासाठी एक शेत घेऊन ठेवलं होतं. 1927 पर्यंत अशी शंभराहून थोडी अधिक मुलं तिथं आली. त्यांना इंग्रजी आणि शेतीकाम शिकवायचं आणि मग एकेकाला ऑन्टारिओतल्या शेतकरी कुटुंबांकडे कामाला पाठवायचं, अशी ही योजना होती. कॅनडात तिला ‘उदात्त प्रयोग’ म्हणत.

उदात्त होताच तो, पण या उदात्तपणाला अटी होत्या. मुलांना माणसांत आणायचं म्हणून त्यांची नावं बदलून इंग्रजी नावं देण्यात आली. आता बघा, घर गेलं, गाव गेलं, आई-बापाची एक वस्तूही जवळ राहिली नाही. त्यांनी दिलेलं नाव तेवढं उरलं होतं, तेही काढून घ्यायचं! मुलं अडून बसली. शेवटी मोठ्यांनी माघार घेतली आणि ज्याचं त्याचं नाव त्याला परत मिळालं. पुढे याच मुलांनी ‘अरारात’ नावाचं आपलं मासिकही चालवलं. त्यांचे दुभाषी आणि शिक्षक असलेले आरिस अलेक्झानियन यांनी नंतर हॅमिल्टनमध्ये गालिच्यांचं दुकान काढलं आणि ते चांगलं नावारूपाला आणलं.

तलवार न चालवता, कुणाला न मारता, ज्यांचं मीठ खातो त्यांच्यासमोर उभं राहून ‘हे माझं नाव नाही’ म्हणणं, हाही माझ्या मते पराक्रमच आहे. आमच्या शाळेत वाचनाच्या तासाला मी अरामची गोष्ट मराठीत सांगत असे. त्यात अराम याच पोरांबरोबर कॅनडाला जातो आणि त्याची आजी मागे राहते. त्या वेळी मागच्या बाकावरच्या एका पोराला नावाचं विशेष काही वाटलं नाही. त्यानं विचारलं, “सर, त्याच्या आजीला का नाही नेलं बोटीतनं?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर कायदा सांगावा लागतो. कॅनडा तेव्हा आर्मेनियन लोकांना आशियाई समजत असे आणि आशियाई लोक देशात येऊ नयेत म्हणून नियमांची भिंतच उभी होती. मूळ देशातून निघून वाटेत कुठंही न थांबता थेट कॅनडात आलं पाहिजे, असा त्यातला एक नियम. हिंदी प्रवाशांना घेऊन गेलेलं कोमागाटा मारू जहाज 1914 मध्ये व्हँकुव्हरहून परत पाठवलं गेलं, तेव्हा हाच नियम पुढे करण्यात आला होता. या भिंतीला अनाथ मुलांपुरतं एक लहानसं दार पाडलं गेलं. त्या दारातून आधी आत गेले ते पुढे शेतावर राबू शकतील असे मुलगेच, मुली नव्हेत. म्हाताऱ्या आजीचा त्या हिशेबात काय उपयोग? आणि योगायोग असा, की ही पोरं जॉर्जटाउनला उतरली त्याच दिवशी, 1 जुलै 1923 ला, चिनी लोकांना जवळपास पूर्ण बंदी करणारा कायदा कॅनडात लागू झाला. एकाच देशानं, एकाच तारखेला, एका हातानं दार उघडलं आणि दुसऱ्या हातानं लावलं. हे सगळं सातवीच्या पोरांना कळतं. मी सांगितलंय, त्यांना कळलंय.

“पोरांना असलं रडकं कशाला?” हा आक्षेप मी शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा ऐकला. तो ऐकला की मला हसू येतं. संभाजी महाराजांचे हाल आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना डोळे काढण्यापासून सगळे तपशीलवार सांगतो, जत्रेत त्याचे देखावे दाखवतो, तेव्हा कुणाला मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी पडत नाही. अरामच्या गोष्टीत तर कत्तल मागे पडलेली आहे. पुढे आहे परका देश, परकं अन्न, न कळणारी भाषा आणि मागे राहिलेली आजी. बदली झाल्यामुळे अर्ध्या वर्षात नव्या शाळेत येऊन बसलेल्या मुलालाही त्यातलं थोडंफार ओळखीचं वाटतं.

पुस्तकांत उणीव नाही असं नाही. गोष्ट जॉर्जटाउनच्या पहिल्या दिवसांत रमते. खरी परीक्षा त्यानंतरची होती. बरोबरच्या सगळ्यांपासून तुटून, बर्फात गाडल्या गेलेल्या एकट्या शेतघरात, आपली भाषा बोलणारं एकही माणूस नसताना मुलगा कसा राहिला असेल? काहींना घरच्यासारखी माया मिळाली, काहींना फुकटचा गडी म्हणून राबवून घेतलं गेलं. हे लिहायला धाडस लागतं, आणि मुलांसाठी लिहिताना ते आणखी लागतं.

आणि मुली? बेरूतजवळच्या गझीर इथल्या अनाथालयात चारशेहून अधिक आर्मेनियन मुलींनी मिळून एक भला मोठा गालिचा विणला. त्यात सुमारे 40 लाख गाठी आहेत. 1925 मध्ये तो अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट म्हणून गेला. एकेक गाठ मारणाऱ्या दहा वर्षांच्या बोटांची कादंबरी कुणीतरी लिहायला हवी. जेरुसलेमच्या आर्मेनियन मठातल्या चाळीस अनाथ मुलांची हकिकत तर आणखी न्यारी. इथिओपियाच्या रास तफारींनी, म्हणजे पुढच्या सम्राट हैले सेलासींनी, 1924 मध्ये त्यांना पाहिलं आणि थेट अदिस अबाबाला नेलं. तिथं या पोरांचा दरबारी ब्रास बँड झाला. त्यांचे संगीतशिक्षक केव्होर्क नालबंदियान यांनी इथिओपियाच्या तेव्हाच्या राष्ट्रगीताची चाल बांधली. आर्मेनियन पोरं, आफ्रिकेतला राजा आणि पितळी तुताऱ्या! गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं?

हे सगळं कोल्हापूरच्या माणसानं का लिहावं, असं कुणी विचारेल. आमच्या दारात वळिवडे हे गाव आहे म्हणून. 1943 ते 1948 या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. रशियानं त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेल्या अनाथ मुलांपैकी काही मुलंही शेवटी इथंच आली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती. सैबेरियातून आलेल्या मुली कोल्हापूरची उन्हं सोसत भूगोल शिकत होत्या. छावणी रिकामी झाली, आणि फाळणीनं उखडलेले सिंधी लोक त्याच जागी येऊन वसले. आज आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. एकाच जमिनीवर निर्वासितांच्या दोन पिढ्या नांदून गेल्या. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आपल्या दैनिकासह सगळीकडे फोटो छापून आले. पण आमच्या शाळेतल्या किती पोरांना वळिवड्याचं नाव आणि ही छावणी यांचा संबंध ठाऊक आहे, ते विचारू नका.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पुढच्या बालदिन पुरवणीसाठी लेखकांकडून गोष्टी मागवाल तेव्हा एक वळिवड्याची मागवा. पोलिश मुलीची असो, तिच्या शाळेबाहेर पेरू विकणाऱ्या गावच्या पोराची असो, नाहीतर त्याच बराकीत नंतर राहायला आलेल्या सिंधी मुलाची. तिन्ही मिळाल्या तर फारच उत्तम. अट एकच घाला. शेवटी कुणी मोठ्या माणसानं येऊन आभाराचं भाषण करायचं नाही. मुलं ते पान उलटतात, हे मी ग्रंथालयात बसून पाहिलेलं आहे. आणि चित्रकाराला वळिवडे स्टेशनवर एकदा नेऊन आणा. नाहीतर कोल्हापूरच्या छावणीत पाइनची झाडं काढून मोकळा होईल.

आपला,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, कोल्हापूर