कार्बन बिचारा बदनाम

संपादक महोदय,

‘आजोबा, कार्बन वाईट ना?’ तुमच्या पेपरातले तापमानवाढीचे मथळे वाचून नातवाने विचारलं आणि 30 वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला मी हातातली पेन्सिल (तीही कार्बनचीच!) खाली ठेवून बसलो. म्हटलं, तुझ्या वजनात जवळपास 18 टक्के कार्बनच आहे बाबा. प्रथिनं, चरबी, डीएनए, सगळ्यांचा सांगाडा तोच. त्याला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चरबी घामातून वाहून जात नाही. 10 किलो जळली, तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेलं पाणी. तेव्हापासून पठ्ठ्या आरशावर फुंकर मारून ‘किती घटलं?’ विचारतो.

मथळ्यांत नुसतं ‘कार्बन’ न छापता ‘कार्बन डायऑक्साइड’ असं पूर्ण छापाल का?

- एक निवृत्त शिक्षक