आधी तुझा टॉवेल, मग त्याची खेळणी

चि. बाळू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू फार वैतागून बोललास. पोरगा चार वर्षांचा झाला तरी खेळणी उचलत नाही, चपला कुठेही भिरकावतो, रोज ओरडावं लागतं म्हणालास. तुझी तळमळ कळते मला. पण या वयाचं मूल सांगून फारसं शिकत नसतं रे, ते बघून शिकतं. तू ऑफिसातून आलास की बूट कुठे जातात, ओला टॉवेल पलंगावर राहतो की दोरीवर, जेवण झाल्यावर तुझं ताट कोण उचलतं, हे सगळं तो रोज पाहतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

गाडगेबाबांचा धडा तुला शाळेत होता. त्यांच्या कामाचा क्रम आठवून बघ. गावात आले की बाबा आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागायचे. लोक नुसते बघत उभे राहायचे, मग त्यांतलेच काही पुढे होऊन हात लावायचे. कीर्तन रात्री, गाव झाडून झाल्यावर. बाबा 1956 साली गेले. पुढे 2000 साली सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा त्याला नाव त्यांचंच दिलं. नुसतं बोलून गेलेल्या माणसाची एवढी आठवण कोण ठेवतं?

आणि मुलं आपल्या कामाबरोबर आपला चेहराही उचलतात. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1961 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांसमोर मोठ्या माणसानं एका फुगीर बाहुल्याला मारझोड केली, काहींसमोर तो शांतपणे दुसऱ्या खेळण्याशी खेळत बसला. नंतर मारझोड पाहिलेल्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी बाहुल्याला तसंच बदडलं, मोठ्या माणसाच्या तोंडचे शब्दसुद्धा तसेच्या तसे वापरले. म्हणून सांगते, भांडी आपटत, पुटपुटत आवरू नकोस. ते पाहून आवरणं म्हणजे शिक्षा असंच त्याच्या डोक्यात बसेल. गाणं गुणगुणत कपड्यांच्या घड्या घाल, तो आपण होऊन शेजारी येऊन बसेल. त्याची घडी वाकडी झाली तर त्याच्यासमोर मोडून पुन्हा घालू नकोस. वाकडी तर वाकडी, तशीच कपाटात जाऊ दे.

आता जरा स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. घरात केर काढताना, ओटा पुसताना त्याला फक्त आईच दिसत असेल, तर तो नीटनेटकेपणाऐवजी भलतंच शिकतोय. हे काम बायकांचं, असं त्याच्या मनात पक्कं होतंय. ते पुढे पुसायला फार जड जातं. त्याच्या देखत झाडू तुझ्या हातात दिसला पाहिजे. तुझ्या बाबांनी पेपर वाचून झाल्यावर कधी तसाच पसरून ठेवला नाही, घडी घालून कोनाड्यात ठेवायचे. तुला त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीत इथे आला होतास तेव्हा तूही पेपर घडी घालूनच ठेवत होतास, मी पाहिलं.

एक गोष्ट मात्र तुम्हा दोघांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुमच्याकडे सगळं उंचावर आहे. खुंट्या तुमच्या खांद्याशी, खेळण्यांचा खोका कपाटावर. त्यानं ठेवायचं म्हटलं तरी ठेवणार कुठे? मारिया माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं. त्यांच्या शाळेत टेबलखुर्च्या, कपाटं, झाडूसुद्धा मुलांच्या मापाचे असत. मुलं आपली जागा आपण झाडत, वस्तू जागेवर ठेवत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तीच पद्धत बोर्डी-कोसबाडच्या गोरगरीब मुलांपर्यंत नेली, तीही भारी सामान न आणता. तुला तर फक्त दोन खुंट्या खाली ठोकायच्या आहेत. खेळणीही एकदम सगळी काढू नकोस. चार-पाच बाहेर ठेव, बाकीची बांधून वर टाक, पंधरा दिवसांनी बदल. एवढ्या पसाऱ्यापुढे मोठं माणूसही हात टेकेल.

महिनाभर त्याला "आवर" म्हणू नकोस. तू आवर, त्याला दिसेल असं. मधेच त्यानं एखादा ठोकळा उचलून खोक्यात टाकला तर लगेच डोक्यावर घेऊ नकोस, नुसतं हसून पुढचा ठोकळा त्याच्या हाती दे.

संक्रांतीनंतर मी येतेच आहे. खुंट्या तोवर ठोकून झालेल्या असू देत. सूनबाईला आशीर्वाद, पिल्लूला गोड पापा.

तुझी,
आई