नॉमिनीचं नाव

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर पॉलिसीचा कागद दाखवताना तुमची नजर नेमकी तिथेच गेली. बत्तीस वर्षं एलआयसीची एजन्सी केलेल्या माणसापासून काय लपणार! "नॉमिनीत सूनबाईचं नाव नाही, ही कुठली संस्था?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. आता सगळं लिहितो.

संस्था क्रायोनिक्सची आहे, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, मिशिगनमधल्या क्लिंटन टाउनशिपला. माणूस कायद्याने मृत ठरला की लगेच देह थंड करायचा, आत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत असं द्रावण भरायचं आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून द्यायचा. पुढे कधी जमलं तर उठवतील. जगातला पहिला माणूस १९६७ साली ठेवला, तो अजून तसाच आहे. आजवर एकालाही उठवलेलं नाही.

खर्च सांगतो. आजन्म सभासदत्व १,२५० डॉलर आणि देह ठेवण्याचे २८,०००, म्हणजे सगळे मिळून २५ लाख रुपयांहून जास्त. ॲरिझोनातली अल्कॉर संस्था पूर्ण देहाचे २ लाख डॉलरहून जास्त घेते. नुसतं डोकं ठेवायचं तर ८०,०००. (आई, जेवताना वाचू नकोस.) एवढी रोकड कोण बाजूला काढणार? म्हणून बहुतेक जण विमा काढतात आणि रक्कम संस्थेला जाईल अशी सोय करतात. अश्विनीच्या नावाची मोठी पॉलिसी वेगळी आहे, काळजी नको.

खरा पैसा लागतो तो नुसतं थांबण्याला. नायट्रोजन उडून जातो, टाकीत भर घालत राहावी लागते, आणि ती किती वर्षं, कोण सांगणार? म्हणून रक्कम आधीच घेऊन गुंतवतात. पूर्वी नातेवाइकांच्या हप्त्यांवर चालायचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या दफनभूमीतल्या तळघरात ठेवलेले नऊ देह पैसे आटल्यावर कुजून गेले. पॉलिसी लॅप्स झाली की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू!

माझा विश्वास आहे का? फारसा नाही. पण तुम्ही दर वर्षी दिवाळी बंपरचं तिकीट घेताच ना?

आई, तुझा प्रश्न ठाऊक आहे: अग्नी नाही, मग दहावं-तेरावं कशाचं? हेही एक प्रकारचं देहदानच समज. बाबांनी मिरजेच्या मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म भरला तेव्हा तू चार दिवस बोलली नव्हतीस, पाचव्या दिवशी साक्षीदार म्हणून सहीही केलीस. मला तेवढीच मुदत दे. ब्रिटनमध्ये २०१६ साली एका चौदा वर्षांच्या आजारी मुलीला यासाठी कोर्टात जावं लागलं, कारण आईची संमती होती आणि वडिलांची नव्हती. तिच्या आजी-आजोबांनी ३७,००० पौंड उभे केले. तिलाही इथे अमेरिकेतच आणलं.

सांगलीत असताना मला काही झालं तर हे सगळं फुकट, इतक्या लांबून वेळेत काहीच व्हायचं नाही. दिवाळीला येतोय तरीही. तिकिटं काढली आहेत.

बाबा, एक गोष्ट आता लिहिताना लक्षात आली. मी स्वस्त पडते म्हणून वीस वर्षांची टर्म घेतली आहे. ती संपेल तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा असेन, आणि खरी गरज त्यानंतरच. हसू नका. झेरॉक्स सोबत आहे, काय करता येईल ते कळवा.

तुमचा,
सुहास