स्प्रिंग कापणाऱ्यांमध्ये आम्हाला मोजू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर कारवाई झाली की पेपरात सगळे एकाच माळेत येतात, फटाके फोडणारे सायलेन्सर, काळ्या काचा, डोळ्यात घुसणारे पांढरे लाइट आणि त्याच्याच पाठोपाठ "सस्पेन्शन बदललेल्या गाड्या". पहिल्या तिघांची बाजू मी घेणार नाही, रात्री आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर ते फटाके सुरू झाले की लहान लेकरं दचकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांचे सायलेन्सर रोडरोलरखाली टाकले तरी माझी काही हरकत नाही. पण सस्पेन्शनची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कोणी नीट लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसलो.

माझ्याकडे जुनी ऑडी टीटी आहे, दोन दारांची कूपे, २.० लिटर टर्बो, पुढच्या चाकांना पॉवर. मुंबईहून सेकंडहँड आणली. लहानपणापासून अशी एक तरी गाडी दारात उभी पाहिजे असं होतं, नोकरीला लागल्यावर पैसे साठवून साठवून घेतली. आणली तेव्हा वयाप्रमाणे शॉकअप बसलेले होते, मागच्या एकातून तेल गळत होतं, आणि आपले सिमेंट रोड तर तुम्हाला माहीतच आहेत, दर काही फुटांवर स्लॅबचा जॉइंट, धडक धडक धडक, त्यात खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबरी रस्त्यालाही लाटा येतात. शॉकअप बदलायचेच होते तर ॲडजस्टेबल घेऊ असा विचार केला, ज्याला कॉइलओव्हर म्हणतात. उंची कमीजास्त करता येते आणि वरच्या नॉबनं कडक-नरम करता येतं, एकूण ३२ क्लिक.

बसवायला एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी फोटोत छान दिसावी म्हणून न विचारता ४० मिमी खाली बसवली, चारही नॉब पूर्ण कडक केले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या एका बाजूची लॉक रिंग, म्हणजे उंची ठरवणारी कॉलर जागेवर धरून ठेवणारी कडी, नीट आवळलीच नाही. शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो, शंभरच्या आसपास होतो, डावीकडून टक-टक आवाज यायला लागला आणि स्टेअरिंग हलकंसं एका बाजूला. गाडी कडेला घेतली, वाकून पाहिलं तर कॉलर फिरून सरकलेली. त्या दिवशी बायको शेजारी होती. मी परत तीसच्या स्पीडनं आणली आणि रात्रभर झोप नाही लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला तेलंखेडीच्या हनुमान मंदिरात घेऊन गेलो. ती गाडीत काहीच बोलली नाही, फक्त उतरल्यावर कमरेला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तेव्हा ठरवलं की आता हे काम स्वतः समजून घेऊनच करायचं.

आता जे समजलं ते थोडं सांगतो, कारण हेच लोकांना माहीत नाही. शॉकअप कडक केला की गाडी चांगली धरते असं आपल्या पोट्ट्यांच्या डोक्यात बसलं आहे. स्प्रिंग दाबली गेल्यावर परत उघडायलाही वेळ लागतो, शॉकअप फार कडक असला तर ती पूर्ण उघडायच्या आतच पुढचा जॉइंट येतो, मग अजून दाबली जाते, असं करत करत गाडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपच्या रबरावर आपटायला लागते. तेव्हा टायर रस्त्याला चिकटून राहत नाही, उड्या मारतो, आणि नेमकं त्याच क्षणी ब्रेक मारायची वेळ आली तर? दुसरं म्हणजे उंची बदलली की टोचा कोन, म्हणजे चाकं सरळ न राहता किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो, अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या बाजूनं खातो, बाहेरून नवा दिसतो आणि आत तारा निघालेल्या असतात. काही गाड्यांत हेडलाइटचा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो, उंची बदलल्यावर तोही परत सेट करावा लागतो, नाहीतर लाइटची पातळी चुकते. आणि माझ्या गाडीत मागची स्प्रिंग शॉकअपवर नसते, वेगळी, आर्मच्या मधोमध बसते, त्यामुळे मागे कॉलर ५ मिमी उतरवली की गाडी ८-९ मिमी बसते. हे त्या गॅरेजवाल्याला माहीतच नव्हतं, म्हणून मागून एवढी पडली होती.

मग मी एक वही केली. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी माप (जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज मधे येते), कॉलर फिरवली की गाडी दोनदा पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मगच परत मोजायची. नॉब पूर्ण बंद, म्हणजे पूर्ण कडक, करून तिथून क्लिक मोजायचे. एका वेळी एकच बदल, तोही दोन क्लिकचा. रविवारी सकाळी सहाला वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावरून जामठ्यापर्यंत, येताना सेमिनरी हिल्सची वळणं, लिमिटच्या आत, दर वेळी तोच रस्ता तोच स्पीड, म्हणजे फरक कळतो. दोन महिने लागले. शेवटी मूळ उंचीपेक्षा फक्त १५ मिमी खाली ठेवली, पुढे पूर्ण कडकपासून २० क्लिक नरम, मागे १६. मागून थोडी कडक ठेवली कारण ही गाडी वळणात पुढून बाहेर ढकलते, मागचं कडक केलं की ते कमी होतं. मे महिन्यात दोन क्लिक कडक करतो, तापलं की शॉकअपमधलं तेल पातळ होतं आणि आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालेलं आहे, रस्ता तर त्याहून तापतो. आता आई स्वतःहून म्हणते चल.

ब्रेकरबद्दलही दोन शब्द बोलतोच. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गोल ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, पंचवीसच्या स्पीडनं आरामात पार होईल असा. आमच्या प्रतापनगरच्या गल्ल्यांमध्ये जे आहेत ते हातभर रुंद आणि वीतभर उंच, रातोरात कोणीतरी सिमेंट ओतून केलेले, त्यावर पांढरे पट्टेसुद्धा नाहीत. गाडी सोडा, गरोदर बाई स्कूटीवर मागे बसून कशी जात असेल?

मूळ मुद्द्यावर येतो. मोमिनपुऱ्यापासून हिंगण्यापर्यंत कुठेही जा, ग्राइंडरनं स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापून गाडी खाली करून देणारे मिस्त्री सापडतात, काही तर गॅसनं तापवून स्प्रिंग बसवतात, त्यात लोखंडाचं पाणीच उतरतं. कापलेली स्प्रिंग चाक हवेत गेलं की आपल्या जागेवरून सुटू शकते. हे थांबलंच पाहिजे, कडक थांबलं पाहिजे. पण कायद्याच्या नजरेत तो आणि मी एकच आहोत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. मला कोर्टाबद्दल तक्रार नाही, लोकांच्या जिवाचाच विचार आहे त्यात. पण मला कायदेशीर करायचं असेल तर मी जाऊ कुठे? सीएनजी किट लावलं तर आरटीओ तपासतं आणि आरसीवर चढवतं. जर्मनीत कॉइलओव्हर किटसोबत तपासणीचा कागद येतो, तो घेऊन गाडी टीयूव्ही या तपासणी संस्थेकडे न्यायची, ते उंची, टायर घासतो का, लाइट, सगळं बघतात आणि मगच गाडीच्या कागदात नोंद होते. आपल्याकडे पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, गाड्यांची तपासणी हेच त्यांचं काम, त्यांनी किट तपासावेत आणि आरटीओनं बसवलेली गाडी बघून फी घेऊन नोंद करावी, फी मी आनंदानं भरतो. ज्याच्याकडे कागद नाही त्याची गाडी तिथल्या तिथे जप्त करा.

हे मी आत्ताच काहून लिहून राहिलो, तर पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतात, रीपासिंगला न्यावी लागेल. इन्स्पेक्टर साहेब खाली वाकले की त्यांना निळ्या स्प्रिंगा दिसणारच. मी विमा कंपनीला लेखी कळवलं आहे, अलाइनमेंटचे सगळे रिपोर्ट फाइलला लावून ठेवले आहेत, जुने शॉकअपही गोणीत बांधून ठेवले आहेत, वेळ पडली तर तसेच नवे मूळ शॉकअप आणून परत बसवीन, पण मग ज्या गाडीत आई बिनधास्त बसते ती गाडी राहणार नाही.

तुमच्या बातमीदारांपैकी कोणाला बघायचं असेल तर रविवारी सकाळी सहाच्या आधी या, वही दाखवतो, एक चक्कर कापलेल्या स्प्रिंगच्या गाडीत मारू (ओळखीच्या एका पोराची आहे, तो तयार आहे) आणि एक माझ्या गाडीत, तोच पूल, तोच स्पीड.

आपला नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर