बालवाडीच्या अंगणात फरशी नको, वाळू टाका

महोदय,

बालवाडीत प्रवेश घेताना पालक इंग्रजीची चौकशी करतात, अंगण कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची रोज किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, त्यातली ६० तरी धाप लागेल अशी.

घसरगुंडीखाली बहुधा पेव्हिंग ब्लॉक आणि वर पातळ रबरी मॅट असते. मॅटमुळे खरचटणे वाचते, डोक्याला बसणारा मार नाही. तिथे फूटभर खोल धुतलेली वाळू हवी. तळाशी खडीचा थर देऊन पाण्याला वाट ठेवा, नाहीतर कोल्हापूरच्या पावसात डबके ठरलेले. वापराने वाळू दबून घट्ट होते. आठवड्यातून एकदा फावड्याने उकरा. रात्री ताडपत्रीने झाका, मांजरे घाण करतात. पत्र्याच्या घसरगुंडीचे तोंड उत्तरेला ठेवा. एप्रिलच्या उन्हात मांड्या पोळतात.

जुने टायर चालतील, पण खाली भोके पाडून. साचल्या पाण्यात डास होतात. रिमझिम असेल तर रेनकोट घालून मुलांना बाहेर काढा, दप्तरात कोरड्या कपड्यांचा जोड असू द्या. तालमीची तांबडी माती मिरवणाऱ्या गावात चड्डी मळली म्हणून बाईंकडे तक्रार जावी, हे जरा अतीच!

— बालवाडी शिक्षिका, कोल्हापूर