ब्लॉगची एक कॉपी स्वतःकडे ठेवाच

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी आणि छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी हे पत्र लिहितोय, कृपया छापा. होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते तिथल्या जागेचे, पैसे भरले की बॅकअपचं कंपनी बघेल असं बहुतेक सगळे धरून चालतात आणि तिथेच घात होतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधे स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला (जिथे हे सगळे कॉम्प्युटर ठेवतात) आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो वेबसाइट बंद पडल्या, आणि ज्यांनी बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते त्यांच्यातल्याही काहींचा डेटा गेला कारण बॅकअप त्याच इमारतीत ठेवला होता. त्याआधी जर्नलस्पेस नावाची ब्लॉग सेवा २००८ च्या शेवटी अशीच बुडाली, त्यांच्याकडे दोन डिस्क होत्या पण दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिलं जायचं, त्यामुळे एकीवरचं पुसलं गेलं तसं दुसरीवरचंही गेलं. तेव्हा लोकांनी गूगलच्या कॅशमधून, म्हणजे गूगलने स्वतःकडे ठेवलेल्या पानांच्या प्रतींमधून, जमेल तेवढं वेचलं, पण २०२४ मधे गूगलने कॅशची ती लिंकच काढून टाकली, म्हणजे तोही रस्ता आता बंद.

आमच्या ओळखीतल्या एक मावशी गावातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायच्या आणि ब्लॉगवर टाकायच्या. होस्टिंग कंपनीने गाशा गुंडाळला, मेलला उत्तर नाही, फोन लागत नाही. मग आम्ही वेबॅक मशीनवर (वेबसाइटची जुनी पानं साठवून ठेवणारी मोफत साइट) ब्लॉगचा पत्ता टाकून बघितलं तर मुख्य पान बऱ्याच तारखांचं मिळालं पण आतल्या पोस्ट अर्ध्याच होत्या. उरलेल्यातल्या खूपशा भलतीकडेच सापडल्या, ज्यांना प्रत्येक पोस्ट ईमेलने जायची त्या वाचकांच्या इनबॉक्समधे. त्यांनी त्या शोधून शोधून फॉरवर्ड केल्या, त्यांचे किती आभार मानावेत! पण फोटो गेले ते गेलेच आणि खालच्या कॉमेंटसुद्धा गेल्या, ज्यात बायका "आमच्याकडे ही ओवी अशी म्हणतात" म्हणून आपापल्या गावची ओवी लिहायच्या. त्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या हो, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून ज्यांचा ब्लॉग आज चालू आहे त्यांनी आजच कॉपी काढा. गूगलच्या ब्लॉगर सेवेवर सेटिंग्जमधे बॅकअपचा पर्याय आहे, वर्डप्रेसवर टूल्समधे एक्स्पोर्ट आहे, सगळ्या पोस्ट आणि कॉमेंट एका फाइलमधे येतात. फक्त फोटो त्या फाइलमधे येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात, त्यामुळे फोटो वेगळे उतरवून घ्यायचे, स्वतःचं होस्टिंग असेल तर अपलोड्सचं फोल्डर (यात फोटो असतात) आणि डेटाबेस (यात सगळा मजकूर असतो) पण. एक कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे नाहीतर वेगळ्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवा.

आणि फाइल उघडून बघा! डेटाबेसचा बॅकअप चुकीच्या एन्कोडिंगमधे (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) निघाला तर इंग्रजी मजकूर नीट दिसतो आणि देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, तशी झाली असतील तर त्या फाइलमधून अक्षरं परत आणता येत नाहीत. मराठी लिहिणाऱ्यांना हा धोका जास्त आहे आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीतसुद्धा जानेवारी २०१७ मधे डेटाबेस चुकून डिलीट झाला तेव्हा कळलं की बॅकअपच्या बऱ्याचशा व्यवस्था चालतच नव्हत्या, कारण त्या कोणी तपासूनच बघितल्या नव्हत्या.

ज्यांचा ब्लॉग गेलाय त्यांनी वेळ घालवू नका. पैसे भरायचे राहिले म्हणून बंद पडला असेल तर काही कंपन्या डेटा थोडे दिवस ठेवतात, लगेच फोन करा आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तेवढं हातचं जाऊ देऊ नका.

आणखी एक विनंती सार्वजनिक वाचनालयांना आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांना आहे. आपल्या भागातल्या ब्लॉग लिहिणाऱ्यांकडून, विशेषतः वय झालेल्या मंडळींकडून, त्यांच्या परवानगीने या फाइली मागून घ्या आणि पुस्तकांसारख्याच नोंद करून जपा. फाइली काढून द्यायला आमच्यासारखे लोक फुकट येतील, आपल्या पेपरने नुसतं आवाहन छापलं तरी काम सुरू होईल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा